म्हणे

मेडोज स्ट्रीटच्या मागच्या बोळात
आर्मेनियन देवळाच्या भिंतीला टेकून गफूर जिल्दवाला बसे.
सरसाचा वास कोपऱ्यापर्यंत.
वडील दप्तरखान्यात मोडी वाचणारे,
कसर लागलेली इनामपत्रं तिथं शिवायला नेत.
तिथंच हा भेटला, स्वतःचीच पुस्तकं शिवून घेताना:
तुर्की वाचनमाला, भाग पहिला ते चौथा,
आर्मेनियन मुलांसाठी.
न्शान चिलिंगिरियान, मुक्काम खारपेर्त.
मुक्काम आता खेतवाडी, पारशी मुलींना फ्रेंचची शिकवणी.

त्यानं वडिलांच्या गाठोड्याकडे बोट केलं, हे काय?
वडील म्हणाले, दप्तर.
देफ्तेर! तो ओरडलाच. त्यांच्यात वही.
मग कलम निघालं, दुकान, साबण, पडदा,
सरस वाळेपर्यंत चोवीस शब्द.
पंचविसावा वतन.
वडील म्हणाले, त्याला कागद लागतो, शिक्का लागतो, बिघे मोजलेले लागतात.
तो म्हणाला, आमच्यात मोजत नाहीत.
एवढं बोलून टोपी घातली त्यानं.

मग दर शनिवारी आमच्याकडे, नवी वाडीत.
आईचं कोलंबीचं भानोलं खाऊन
हात रुमालाला पुसत मला शिकवायचा. मी सात वर्षांची.
वडील त्याला निशाणमास्तर म्हणत.
गेल्दी म्हणजे आला, हे ऐकून मी इतकी हसले!
आमच्यात गेली म्हणजे गेली, मास्तर.
तोही हसला, पण थोडा उशिरा.

त्यांच्यात भूतकाळ दोन.
एक, डोळ्यांनी पाहिलेला.
दुसरा न पाहिलेला, कुणी सांगितलेला, किंवा मागून कळलेला.
रात्री तू झोपलीस. सकाळी दार उघडलं, अंगण पांढरं.
मग काय म्हणशील? कार याऽमिश.
मी म्हटलं, मास्तर, आमच्याकडे बर्फ पडत नाही.
तो विचारात पडला.
मग मीच सांगितलं: रात्री उंदीर आला म्हणे,
पोळी कुरतडलेली आहे.
बरोब्बर, म्हणाला. म्हणे! तुमच्याकडे तो वेगळा उभा राहतो,
आम्ही क्रियापदालाच चिकटवतो. मग सुटत नाही.

वडिलांनी एकदा विचारलं, घरची मंडळी?
त्यानं माझी पाटी ओढून घेतली,
उजवीकडून डावीकडे एकच शब्द लिहिला,
आणि माझ्याकडे बघून, वर्गात वाचावा तसा वाचला:
गित्मिश्लेर.
मला येत होतं. मी मोठ्यानं अर्थ सांगितला,
गेले म्हणे!
आईनं आत तवा जरा जोरात ठेवला.

रविवारी मला तेराचा पाढा लिहायचा होता.
मी थुंकी लावून पाटी पुसली.

देवळातल्या पाद्रीनं विचारलं होतं म्हणे,
ही पुस्तकं अजून का सांभाळतोस? त्यांच्या भाषेची?
तो म्हणाला, व्याकरण मी केलेलं नाही, मी फक्त मांडलं.
मग एका बोटीतून वर्तमानपत्र आलं,
तिकडची लिपीच बदललेली, रोमन, डावीकडून उजवीकडे.
चारही भाग त्यानं आमच्या चौरंगावर ठेवले.
आता हे कुणालाच वाचता येणार नाही, म्हणाला,
मारणाऱ्यांच्या मुलांनाही नाही.
वडील मोडीच्या कागदावरून मान वर न करता म्हणाले,
चहा घ्या.

पुढे मोडीही शाळेतून गेली. हे मी पाहिलं.
मास्तर कधी गेला ते पाहिलं नाही.
पावसाळ्यात गेला म्हणे, खेतवाडीत, झोपेत.

आता माझी नव्वदी. वडिलांची जमाखर्चाची वही
माझ्याकडे आहे, मोडीत, मला न वाचता येणारी.
पुराभिलेखातल्या एका मुलाला बोलावलं.
त्यानं भिंग लावून शेवटच्या पानावरची ओळ लावली:
निशाणमास्तर, जिल्द चार नग, दीड रुपया,
गफूरास आपण दिला.
खाली बारीक अक्षरात अजून काहीतरी होतं.
त्यावर सरसाचा डाग.
मुलगा म्हणाला, आजी, लागत नाही.